चोपडा केव्हा बदलावा?

सुरतेहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया या नावाचे ठिकाण लागते. तेथे पर्वत नाही. पर्वत हे एका जुन्या गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावरून त्या गावाकडे वळण्याच्या जागी लावलेली पाटी. गाव शहरात केव्हाच विरघळले, पाटीचे नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. सुरत महापालिकेची हद्द २००६ मध्ये सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ चौरस किलोमीटरांवर गेली आणि २००१ च्या जनगणनेत सुमारे चोवीस लाख वस्तीचे असलेले हे शहर २०११ मध्ये चव्वेचाळीस लाखांवर पोहोचले. ही वाढ ज्या बाजूंना पसरली त्यांत हा पूर्वेचा पट्टा येतो. एकीकडे कापडाच्या प्रचंड बाजारपेठा, दुसरीकडे लिंबायत, गोडादरा, डिंडोली या दाट वस्त्या, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर घरांच्या किंवा दुकानांच्या नव्या योजनेचा फलक, असे तेथील दृश्य आहे.

सुरतेचा हा प्रश्न येथे कशासाठी, असे काही वाचक विचारतील. सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आठवते, आणि तेवढ्यावर आपली सुरतेची ओळख संपते. वस्तुस्थिती अशी आहे की जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने गेलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर, गिरण्यांत आणि बाजारपेठांत राबत आली आहेत. लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी सहज कानी पडते. त्या मतदारसंघातून २०१२ पासून संगीता पाटील निवडून येत आहेत, तर ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात तो मोडतो त्याचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. ज्या घरांच्या व्यापाराविषयी आम्ही लिहीत आहोत त्याच्या ग्राहकांत आपलीच माणसे मोठ्या संख्येने आहेत. शिवाय पर्वत पाटियाच्या बिल्डरापुढे जो प्रश्न आहे तोच पनवेल, रत्नागिरी किंवा म्हापसा येथील बिल्डरापुढेही उभा आहे.

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. घरे विकणाऱ्याच्या कचेरीत 'सीआरएम' नावाची संगणकीय आज्ञावली असते. जाहिरात वाचून कोणी फोन केला, कोण जागा पाहून गेला, त्याला कोणता भाव सांगितला, इसार किती घेतला, साठेखत कधी झाले, पुढचा हप्ता केव्हा येणे आहे, ताबा कधी द्यायचा, या सर्वांची नोंद तीत व्हावी अशी अपेक्षा असते. ही आज्ञावली जुनी झाली, अपुरी पडू लागली, तर ती केव्हा बदलावी? घाईने बदलणारे आणि कधीच न बदलणारे असे दोन्ही प्रकारचे व्यापारी आहेत, आणि दोघांच्याही चुकीची किंमत शेवटी घर घेणारा मोजतो. म्हणूनच या विषयाला अग्रलेखाच्या स्तंभात जागा देणे आम्हांस योग्य वाटते.

सुरतेच्या व्यापाऱ्याला नोंदवहीचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. दिवाळीत तेथे चोपडापूजन होते, लाभपंचमीला नव्या चोपड्याचा मुहूर्त होतो. या रूढीकडे आपण केवळ धार्मिक विधी म्हणून पाहतो, पण तिच्यात व्यवहाराचे मोठे शहाणपण आहे. वर्षातून एकदा जुना चोपडा बंद करावाच लागतो. बंद करायचा म्हणजे प्रत्येक खाते तपासायचे, येणे-देणे जुळवायचे आणि जेवढी बाकी खरी असेल तेवढीच नव्या चोपड्यात ओढायची. बुडीत येणे असेल ते त्याच दिवशी उघडे पडते. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र दिवाळी नसते. ती कधी भरत नाही, तिची पाने संपत नाहीत, आणि म्हणून ती आतून सडली तरी ती उघडून पाहण्याची पाळी कोणावर येत नाही. पाच वर्षांपूर्वी केवळ चौकशी करून गेलेला माणूस आणि काल इसार देऊन गेलेला माणूस तीत शेजारी शेजारी पडून राहतात.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा विशिष्ट कुटुंबाचे नाही, पण त्यातला प्रत्येक टप्पा या धंद्यात रोज घडणारा आहे. गोडादऱ्याला भाड्याने राहणारे एक गृहस्थ रविवारी एका योजनेचे नमुना घर पाहण्यास जातात. विक्रीवर बसलेला तरुण त्यांचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक लिहून घेतो. दर 'वारा'त सांगितला जातो, कारण सुरतेत जागेचे माप चौरस वारात, म्हणजे नऊ चौरस फुटांच्या हिशेबात, बोलले जाते. गृहस्थांच्या डोक्यात मात्र चौरस फूट असतात, आणि कायद्याच्या कागदावर चौरस मीटर यावयाचे असतात. बोलता बोलता तरुण सांगून टाकतो की दुचाकीसाठी आच्छादित जागा मिळेल आणि शेवटचा हप्ता ताब्यानंतर दोन महिन्यांनी दिला तरी चालेल. पुढे नोंदणी होते ती पत्नीच्या नावावर, कारण गुजरातेत स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास नोंदणी शुल्काची एक टक्का रक्कम वाचते. क्रमांकही पत्नीचाच दिला जातो. सीआरएमच्या दृष्टीने आता ही दोन माणसे झाली: चौकशी करून न परतलेला एक पुरुष आणि अचानक उगवलेली एक स्त्री. तरुणाने दिलेली दोन्ही वचने पहिल्या नावाखाली राहिली. बरेचदा तीही नाही, ती त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येच असतात. सहा महिन्यांनी तो तरुण दुसऱ्या बिल्डरकडे जातो. ताब्याच्या वेळी कचेरीतील नवा माणूस पडद्याकडे पाहून म्हणतो, अशी काही नोंद नाही. तो खोटे बोलत नाही. नोंद नसतेच.

येथे दोष आज्ञावलीचा की माणसांचा, हे ठरविल्याखेरीज ती बदलणे म्हणजे ताप मोजून झाल्यावर तापमापक फेकण्यासारखे आहे. नावांचीच गोष्ट घ्या. या भागात पाटील आणि पटेल दोन्ही अमाप. रोमन लिपीत त्यांच्यात एका अक्षराचा फरक, आणि नोंद करणारा घाईत असला की तोही पुसला जातो. पण नावावरून ग्राहक ओळखायचा ही पद्धतच चुकीची. ती नव्या आज्ञावलीतही तेवढीच चुकेल. एका कुटुंबाला एक क्रमांक द्यावा, त्याखाली पती, पत्नी, भाऊ, दलाल अशी सर्व नावे यावीत, हा नियम आधी कचेरीने ठरवावयाचा असतो. 'वारा'चा रकाना नाही ही तक्रारही अशीच. चेन्नईच्या झोहोपासून अमेरिकेच्या सेल्सफोर्सपर्यंत बहुतेक आज्ञावल्यांत नवा रकाना घालण्याची सोय असते. ज्या दोषावर अर्ध्या दिवसात उपाय होतो त्यासाठी घर बदलू नये.

मग बदलण्याची वेळ खरोखर आली हे कशावरून ओळखावे? आमच्या मते सर्वांत खात्रीची खूण ही की खरी वही दुसरीकडे गेलेली असते. आज्ञावली चालू असते, तिचे शुल्कही भरले जात असते. पण विक्रीवरचा प्रत्येक जण स्वतःची डायरी ठेवतो, हिशेबनीस वेगळा एक्सेलचा तक्ता ठेवतो आणि मालक दोघांनाही न विचारता जुन्या मुनीमाला विचारतो. कोणती सदनिका विकली गेली, कोणती कोणासाठी राखून ठेवली, या साध्या प्रश्नाला तीन ठिकाणांहून तीन उत्तरे येतात. दलालीच्या भांडणात हे विशेष जाणवते. एकाच ग्राहकाला आपण आणले असे दोन दलाल सांगतात आणि पहिल्या भेटीची तारीख कोणालाच दाखविता येत नाही. अशा वेळी मालकाने एक परीक्षा करून पाहावी. गेल्या वर्षातील कोणतेही एक बुकिंग घ्यावे आणि पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत त्याचा सर्व प्रवास केवळ आज्ञावलीतून वाचून काढावा. वाचता आला नाही तर कारण शोधावे. माणसांनी भरले नाही म्हणून वाचता येत नसेल, तर माणसांकडे जावे. भरायला जागाच नाही, भरले ते सापडत नाही, अथवा भरले ते टॅलीतील हिशेबाशी जुळविण्याची वाटच नाही, असे आढळले तर ती आज्ञावली धंद्याच्या कामाची उरली नाही.

कायद्यानेही या प्रश्नाला धार आणली आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्वत्र रेरा म्हणतात, २०१७ च्या मे महिन्यापासून पूर्णपणे अमलात आला. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आपण ज्याला साठेखत म्हणतो त्याला गुजरातेत बानाखत म्हणतात, ते आधी व्हावे लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्या योजनेच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. किती सदनिका विकल्या गेल्या याची माहिती दर तीन महिन्यांनी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करावी लागते. जाहिरातीतील वा नमुना घरातील खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे गुंतविले आणि त्याचे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषाची जबाबदारी बिल्डरवर राहते. जी आज्ञावली दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात असताना चकार शब्द काढत नाही आणि जिच्यातून तिमाही माहिती निघत नसल्याने ती दर वेळी हाताने नव्याने जुळवावी लागते, ती ठेवणे म्हणजे चौकीदाराला पगार देऊन स्वतः रात्रभर जागण्यासारखे आहे.

दुसरी एक खूण फारशी बोलली जात नाही, कारण ती काटकसरीच्या वेषात येते. बहुतेक आज्ञावल्यांचे भाडे माणशी आकारले जाते. भाडे वाढले की मालक दहा माणसांसाठी तीन परवाने घेतो आणि एकच परवलीचा शब्द चौघे वापरू लागतात. त्या दिवसापासून कोणती नोंद कोणी केली हे कळण्याचा मार्ग बंद होतो. सवलत कोणी दिली, नोंद कोणी पुसली, ग्राहकाचा क्रमांक कोणी उचलला, काहीच सांगता येत नाही. भाड्यापायी नोंदीचा हात नाहीसा होत असेल, तर स्वस्त व साधी आज्ञावली घेऊन प्रत्येकाला स्वतःचा प्रवेश देणे शंभर पटींनी बरे.

आणि तिसरी खूण विक्रेत्याकडे मागणी केल्यावर दिसते. आमची सर्व माहिती, पावत्यांच्या प्रती आणि पत्रव्यवहारासह, आम्हांस वाचता येईल अशा स्वरूपात द्या, असे लेखी मागावे. बदलण्याचा विचार नसतानाही मागावे. आठवड्यात मिळाली तर संबंध निरोगी आहे. टाळाटाळ झाली, वेगळे शुल्क मागितले गेले, किंवा नुसती नावांची यादी हाती पडली, तर आपली वही दुसऱ्याच्या तिजोरीत आहे आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे, हे ओळखावे. अशी आज्ञावली चांगली चालत असली तरी तिच्यातून बाहेर पडण्याची तयारी सुरू केलेली बरी.

बदलण्याच्या मोहाची कारणे मात्र बहुधा याहून वेगळी असतात. शेजारच्या बिल्डरने नवी घेतली, प्रदर्शनात कोणी रंगीत आलेख दाखविले, किंवा आता कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप ग्राहक ओळखून देईल असे सांगितले गेले. ज्या कचेरीत ग्राहकाचे नाव धड लिहिले जात नाही तेथे यंत्राची बुद्धी काय ओळखणार? नव्या आज्ञावलीचे प्रात्यक्षिक नेहमी विक्रेत्याच्या स्वच्छ माहितीवर होते. ते आपल्याच गबाळ्या माहितीवर, निदान पन्नास खऱ्या ग्राहकांवर, करून मागावे. निम्मे विक्रेते तेथेच मागे हटतील.

योग्य निर्णय चुकीच्या वेळी घेतला तर काय होते याचा धडा चॉकलेटच्या धंद्याने दिला आहे. अमेरिकेतील हर्शी ही कंपनी आपली सारी संगणकव्यवस्था बदलत होती. तीत त्या काळी नावाजलेली सीबेल ही सीआरएम आज्ञावलीही होती. १९९९ च्या जुलैत सर्व भाग एकदम चालू करण्यात आले. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे हॅलोवीनचा सण येतो, आणि त्या हंगामाच्या मागण्या तेव्हाच येऊ लागतात. माल गोदामांत पडून राहिला आणि मागण्या पुऱ्या होईनात. दहा कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा माल वेळेवर पोहोचू शकला नाही. आज्ञावल्या नाणावलेल्या होत्या, कंपनी मातब्बर होती. सण तोंडावर असताना, पुरेशा तालमीशिवाय, सर्व काही एकाच वेळी बदलणे ही चूक होती.

आपल्या पंचांगाने या बाबतीत बिल्डरची सोयच करून ठेवली आहे. पितृपक्षात नवे घर नोंदविण्यास सहसा कोणी येत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासातही, ज्याला गुजरातेत कमुरता म्हणतात, शुभकार्ये थांबलेली असतात. नवरात्र, दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया हे बुकिंगचे दिवस सोडून या रिकाम्या पंधरवड्यांत बदल करावा. दिवाळीनंतर सुरत ओस पडते, कारागीर गावी जातात, तो काळ मोकळा वाटतो खरा. पण तेव्हा कचेरीतील माणसेही सुटीवर असतात आणि शिकविणारा असला तरी शिकणारा नसतो. दोन्ही आज्ञावल्या निदान एक महिना बरोबरीने चालवाव्यात आणि त्या महिन्याचे हप्ते दोहोंतून काढून पाहावेत. रकमा जुळल्याखेरीज जुनी बंद करू नये. कर्मचारी दुहेरी कामाबद्दल कुरकुरतील, आणि त्यांची कुरकुर रास्त असेल. त्या महिन्यापुरता एखादा जादा माणूस ठेवणे ग्राहकाला चुकीचे मागणीपत्र जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

नव्या आज्ञावलीत काय न्यावे, यासाठी पुन्हा चोपड्याकडेच वळावे लागते. बाकी ओढावी, रद्दी ओढू नये. ज्यांचे पैसे आले आहेत, ज्यांना ताबा देणे आहे, ज्यांच्या पाच वर्षांच्या दोषमुदती चालू आहेत, त्यांची प्रत्येक नोंद न्यावी. तोंडी दिलेली वचने विक्रीच्या माणसांना बसवून विचारून घ्यावीत आणि लिहून काढावीत. वर्षानुवर्षांपूर्वी चौकशी करून गेलेल्यांचे हजारो क्रमांक नेण्याचे कारण नाही. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या पालनासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमतीवाचून दुसऱ्याची माहिती बाळगणे व काम संपल्यावरही ती सांभाळणे हे यापुढे जोखमीचे होणार आहे. ज्या माणसाने २०१९ साली एकदा भाव विचारला त्याला आजही दर सणाला फोन जावा, यात व्यापारही नाही आणि सभ्यताही नाही.

पर्वत पाटियाच्या संदर्भात एक गोष्ट आणखी. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला होता. पूर्वेच्या या पट्ट्यात तापी नव्हे तर मिठी खाडी पावसाळ्यात तळमजल्यांत शिरते. २०२५ च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरील शिवशक्ती बाजारपेठेच्या आगीत शेकडो दुकाने जळाली. अशा आगीत मालाचा विमा मिळू शकतो; उधारीची वही गेली तर कोणाकडे किती येणे हे सांगणारे दुसरे काही उरत नाही. तळमजल्यावरील विक्री कचेरीतल्या एकाच संगणकावर ज्याची आज्ञावली आहे, त्या बिल्डरने वर सांगितलेली कोणतीही खूण शोधत बसू नये. त्याने पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या सर्व नोंदींची प्रत शहराबाहेर नेऊन ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वतः बसून पाहावे.